पडद्याचा पंचनामा

मुधोळला आमच्या शेजारी राहणाऱ्या गिरदावरसाहेबांइतका संशयी माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात झाला नसेल. सूर्य उगवल्याचंही ते ओट्यावर येऊन स्वतः पाहिल्याशिवाय कबूल करत नसत. त्यांचा उभा जन्म महसूल खात्यात गिरदावर म्हणून शेतं तपासण्यात गेला. जमीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, हे त्यांचं ठाम मत. टरबूज घेताना पहिली फोड विकणाऱ्यालाच खायला लावत. माझ्याकडे चहा घेताना विचारत, "मास्तर, आज साखर जास्त हाय. माह्यापाशी काही काम हाय का?" आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा असे.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला, पंच्याण्णव सालच्या सुमारास, हैदराबादचं स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, बोलायला गोड. म्हणजे संशयाला भरपूर जागा. भर मे महिन्यात मंडळी मुलाच्या मामाच्या विलायती गाडीतून आली, आणि दारात थांबता थांबता मागच्या काचेवरचा काळा पडदा कुणी हात न लावता सरसर खाली उतरला. गिरदावरसाहेब जागीच थबकले. "पडदा काऊन पायजे? काय लपवून राह्यले?" ते माझ्या कानात पुटपुटले. आत पोहे थंड होत होते, मुलगी साडी सावरून बसली होती, आणि हे उन्हात गाडीभोवती फेऱ्या घालत होते. आता सोयरीक मोडते, या धास्तीनं मलाच घाम फुटला.

"बटन पुढं, पडदा मागं. मधात कोण हाय?" त्यांनी थेट मुलालाच विचारलं. त्यानं मागच्या सीटवर गुडघे टेकून काचेखालच्या फळीचं झाकण काढून दाखवलं. कापड रुळावर गुंडाळलेलं, रुळातली स्प्रिंग त्याला सतत आत ओढणारी. बटण दाबलं की छोटी मोटार दोन दांड्या उभ्या करते आणि त्या कापड वर ढकलतात.

"मोटार बिघडली तं?"

"मग पडदा अडकून बसतो, काका."

साहेबांनी अकरा वेळा पडदा चढवायला-उतरवायला लावला, रीतसर पंचनामा लिहिला, पंच म्हणून माझी सही घेतली. मग मला बाजूला ओढून म्हणाले, "पोरगं अकराव्यांदाबी चिडलं नाही, मास्तर. देऊन टाकू."

लग्नानंतर महिन्याभरात मुलीचं पत्र आलं, मी मजेत आहे. ते उजेडात धरून त्यांनी उलटसुलट पाहिलं. "मजेत असती तं इतकं सुवाच्य काऊन लिहिलं असतं?" दुसऱ्या दिवशी न कळवता बसनं हैदराबाद गाठलं. परतले ते थेट माझ्याकडे.

"काय निघालं चौकशीत?" मी विचारलं.

"खरंच मजेत हाय," ते म्हणाले. "घरची आठवण येते का, इचारलं. हसली. म्हणे, बाबा, वेळच भेटत नाही."

मुलगी सुखात नसेल, हा आयुष्यातला एकच संशय खोटा ठरावा म्हणून ते देवाला नवस बोलले असतील. तो खोटा ठरला, आणि आता काय करावं हे त्यांना सुचेना. मला त्यांची फार माया आली.