माल निघण्याआधी

बंदरावरच्या कचेऱ्यांमध्ये तिचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला आधीबाई म्हणायचे. परदेशातून माल मागवणारा कोणी व्यापारी घाम पुसत आत शिरला आणि "माल अडकलाय हो" म्हणाला, की ही चष्मा वर सारून पहिला प्रश्न टाकायची, "आधी का नाही आलात?" माणूस आधीच पोळलेला असायचा, त्यावर हे मीठ. एकदोघे तर तिच्या अंगावर धावून गेले होते. बाईने प्रश्न काही बदलला नाही.

ती ज्या पेढीत नोकरीला होती, ती जकात भरून लोकांचा माल बंदरातून सोडवून द्यायची. माल जितका अडकेल तितकी धावपळ जास्त, आणि धावपळ जितकी जास्त तितकं मालकांचं बिल जाड. आधीबाईचं म्हणणं असं, की माल जहाजावर चढण्यापूर्वीच बसून सगळं ठरवावं. कोणती वस्तू कोणत्या सदरात मोडते, तिच्यावर जकात किती, परवाने कोणते, कोणतं खोकं आधी यायला हवं आणि कोणतं मागाहून. "लोकांना तहान लागल्यावर विहीर खणायची सवय आहे," मालक हसून म्हणायचे, "आणि आपण फावडी विकतो. तुझ्या का पोटात दुखतंय?" हे वर्षानुवर्षं ऐकून ऐकून एके दिवशी तिने राजीनामा दिला, शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि स्वतःची पाटी लावली.

"घरात चिंता कमी पडतात, म्हणून आता ही लोकांच्या विकत घेणार," सासूबाईंनी जाहीर केलं. नवरा भला माणूस. पाटी सरळ लागली आहे ना, एवढं तो पाहून आला.

पण गिऱ्हाईक येईना. खालच्या शिलाई यंत्राची घरघर ऐकत ती बसून राहायची, आणि जो कोणी जिना चढायचा तो माल अडकल्यावरच. मग एके सकाळी जिना दणदणला. वन्सं आल्या होत्या.

वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. बिस्किटांचा कारखाना चालवायच्या, आणि त्या बोलू लागल्या की यंत्रंसुद्धा हळू चालतात असं कामगार म्हणायचे. भावजय करते ते काम म्हणजे "कागद रंगवणं", हे त्यांचं मत साऱ्या नातेवाइकांना तोंडपाठ होतं. मागे त्यांनी एक यंत्र मागवलं होतं, ते आधीबाईच्या जुन्या मालकांच्या हातात इतके दिवस बंदरात पडून राहिलं की खाऱ्या वाऱ्याने त्याचे रूळ गंजले. दुधाने तोंड पोळलेल्या वन्सं आता ताक फुंकायला आल्या होत्या. त्यांनी नवी भट्टी घेतली होती, एवढी लांबलचक की ती तुकड्यातुकड्यांनी तीन जहाजांतून यायची होती.

"या वेळी तू बघ," त्या म्हणाल्या. "पण सांगून ठेवते, भट्टी अडकली तर मी माहेरी पाऊल टाकणार नाही."

ही धमकी की आमिष, हे आधीबाईला क्षणभर कळेना. पण पुढचं ऐकून तिचं हसू मावळलं. जागा करायला वन्संनी जुनी भट्टी मोडून टाकली होती. नवी वेळेत पेटली नाही, तर दुकानदार दुसऱ्याची बिस्किटं ठेवणार आणि कारखान्याला कुलूप लागणार. आधीबाईची पाटीही मग उतरलीच म्हणायची.

ती पदर खोचून कामाला लागली. बिस्किटं वाहून नेणारा पट्टा एका जहाजात, पंखे दुसऱ्यात, पट्टा फिरवणाऱ्या मोटारी तिसऱ्यात असे सुटे आले, तर जकातवाले त्यांना सुटा मालच समजणार. प्रत्येकाची जकात वेगळी, परवाना वेगळा. पहिलं खोकं पोचण्यापूर्वीच "ही सगळी मिळून एकच भट्टी आहे" असं मान्य करून घ्यायला हवं होतं. तिने नकाशे नेले, तुकड्यांना क्रमांक दिले, जकात कचेरीच्या खेपा घालून चपला झिजवल्या आणि मान्यता मिळवली. दोन जहाजं आली, माल सुटला. वन्सं काही बोलल्या नाहीत. वन्संच्या बाबतीत हे कौतुकच.

तिसऱ्या जहाजाच्या वेळी घोळ झाला. खोकी भरतानाचे फोटो पाठवा म्हणून तिने विकणाऱ्यांचं डोकं खाल्लं होतं. त्या फोटोंत मोटारींच्या मागे निळ्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. ते भट्टीचं नव्हतं. तिने फोन लावला. पलीकडून खुशीत उत्तर आलं, की मालकीणबाईंना आमच्याकडून भेट. कोरीव लाकडी खुर्ची. रिकामी जागा होती, ठेवून दिली!

आधीबाईने कपाळावर हात मारला. लाकूड म्हणजे कीड, आणि कीड म्हणजे वेगळा दाखला. यादीत नसलेलं लाकूड सापडलं तर अख्खा माल संशयात. खुर्ची उतरवावी तर कंटेनरला सील लागलेलं, जहाज सुटायच्या बेतात. तिने त्याच दुपारी विकणाऱ्यांना खुर्ची बनवणाऱ्याकडे पिटाळलं, खुर्ची बनवतानाच लाकडावर कीडनाशक प्रक्रिया करून शिक्का मारल्याचा दाखला मिळवला आणि कागदपत्रांत खुर्चीची वेगळी ओळ घातली.

वन्संना कळलं तशा त्या कडाडल्या, "काढ ती ओळ! आपणहून खुर्ची दाखवलीस तर ते सगळंच उघडून बसतील. एवढाल्या मालात कोण बघतंय?"

"वन्सं, ओळ राहणार."

"मी मोठी की तू?"

"घरात तुम्ही. कागदावर मी."

असं उत्तर वन्संना जन्मात कोणी दिलं नव्हतं. त्या ताडकन उठून गेल्या. आधीबाईने ओळ काढली नाही.

जहाज लागलं त्या दिवशी वन्सं बंदरावर हजर. भांडायची पुरती तयारी करून आल्या होत्या. तपासनिसाने नेमका तोच कंटेनर उघडायला लावला. मोटारींवरून बॅटरी फिरवत तो थेट मागे गेला आणि त्याने निळा कागद फाडला. वन्संनी भावजयीचं मनगट धरलं.

"हे काय?" तपासनिसाने विचारलं.

"खुर्ची. शेवटची ओळ बघा, दाखला मागे जोडलाय," आधीबाई म्हणाली.

त्याने ओळ वाचली, दाखला उलटसुलट पाहिला, खुर्चीवरचा शिक्का ताडून पाहिला. "आज सकाळपासून तीन कंटेनर अडवलेत, न लिहिलेल्या लाकडापायी," तो म्हणाला. "तुमचा घेऊन जा." त्याने सही केली. भांडायला आलेल्या वन्संना भांडायला कोणी मिळालंच नाही. ट्रक फाटकाबाहेर पडले तेव्हा आधीबाईला धावत त्यांच्यापुढे जावंसं वाटत होतं, इतका तिला आनंद झाला होता.

भट्टी पेटवायच्या दिवशी कारखान्यात सगळे जमले. सासूबाई पुढच्या रांगेत. वन्संनी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. गर्दीत मागे उभ्या असलेल्या भावजयीला त्यांनी दंडाला धरून पुढे ओढलं.

"दाब."

"वन्सं, मान तुमचा आहे."

"माझा आहे म्हणूनच तो कोणाला द्यायचा ते मी ठरवणार. दाब!"

बटण दाबलं. पट्टा हलला, कणकेच्या चकत्या एका तोंडातून आत शिरल्या आणि थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाला खरपूस रंगाची बिस्किटं टपटप पडू लागली. कामगारांनी छप्पर उडेल एवढा गलका केला. वन्संनी हात वर केला तसे सगळे गप्प झाले.

"ती ओळ काढ म्हणून मी हिच्यावर ओरडले होते," त्या मोठ्याने म्हणाल्या. "काढली असती, तर आज इथे कुलूप असतं, आणि ते मीच लावलं असतं. हिने माझं ऐकलं नाही, म्हणून आपण सगळे इथे उभे आहोत."

वन्संचं न ऐकल्याबद्दल आजवर कोणाचं कौतुक झालं नव्हतं. आधीबाईला रडू फुटलं आणि त्याच वेळी हसूही आलं. वन्संनी पट्ट्यावरचं पहिलं गरम बिस्किट उचललं, स्वतःच्या तोंडाने फुंकून निववलं आणि सगळ्यांच्या देखत तिला भरवलं.