माहेरचा समुद्र
माझी थोरली बहीण कोकणात दिली आणि तिच्या वाट्याला समुद्र आला. आमच्या गावी, वरवट बकालला, समुद्र शेकडो मैल दूर आणि विहिरीचं पाणीसुद्धा खारट. तेवढ्यावरून मी तिचा हेवा केला नसता. पण सासरच्या पडवीत तिने छोटं संग्रहालय मांडलं. किनाऱ्यावरचे खडक, दगड झालेले शिंपले, खेकड्याची नांगी, आणि मधल्या कपाटात माझा गोटा.

हो, माझाच. शाळेत असताना जळगाव जामोदच्या वरच्या नाल्यात तो मला सापडला होता. पांढुरक्या दगडात बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी रुतलेल्या. आई तो खारवलेल्या कैऱ्यांवर दडपण म्हणून ठेवायची. बहिणीने लग्नानंतर तो ट्रंकेत घालून नेला, मला विचारलंही नाही.

गेल्या वर्षी मी त्याचा फोटो, मी शिकवते त्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांना दाखवला. या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आहेत, ते म्हणाले. लाव्हा येऊन गेल्यावर मध्ये कुठेतरी तळं साचलं असेल, समुद्राचा काही संबंध नाही. हे मी बहिणीला फोनवर सांगू शकले असते. सांगितलं नाही, जपून ठेवलं.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा पडवीत दहाबारा पाहुणे होते. बहीण अगदी पुस्तकी मराठीत सांगत होती, "आमच्या माहेरीही एके काळी समुद्र होता. तिथल्या विहिरी अजून खाऱ्या आहेत." लोक तिच्याकडे कौतुकाने पाहत होते. एक शाळकरी मुलगी ते वहीत लिहून घेऊ लागली, आणि माझ्या पोटात जे दुखत होतं ते बाहेर पडलं. वर्गात शिकवते तसं खणखणीत आवाजात मी सगळ्यांसमोर सांगितलं, की हा दगड गोड्या पाण्यातला आहे आणि विहिरींच्या खारेपणाशी त्याचं काही नातं नाही. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

बहिणीने त्या मुलीला वाक्य खोडायला सांगितलं आणि पुढच्या कपाटाकडे वळली. पाहुणे गेल्यावर तिने गोटा काढून पदराने पुसला, माझ्या हातात दिला. मग किती वर्षांनी ती माझ्याशी आमच्या बोलीत बोलली.

"तुलेच सापडेल व्हता, घेऊन जाय. आपल्याकडंबी समुद्र व्हता म्हटलं का मले दूर आल्यासारखं वाटत नव्हतं, एवढंच."

मी नको म्हणायला हवं होतं. पिशवीत टाकला आणि घेऊन आले.

आता तो माझ्या बैठकीतल्या शोकेसमध्ये आहे. येणारेजाणारे चहा पितात, त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. तिने मात्र कपाटातली ती जागा भरलेली नाही. इथे काय होतं, असं लोक विचारतात, आणि ती म्हणे माझ्याबद्दल सांगत बसते. मला त्या रिकाम्या जागेचाही हेवा वाटतो.