फ्रिजमधली चावी

अभयदादा गेल्याची बातमी मला त्यांच्या घरून कळली नाही. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये बसले होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मोबाइल मैत्रिणीपुढे धरला आणि म्हणाला, "अरे, वो थकान वाले भैया थे ना... एक्सपायर हो गए यार." त्याच्या अंगठ्याखाली दादांचा चेहरा होता. मग अंगठा सरकला आणि तिथे कुणीतरी मोमो खायला लागलं.

थकान वाले भैया. त्यांची एवढीच ओळख उरली. हे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, माहीत नाही. माझे वडील दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहेत, आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. पण गेले काही आठवडे त्यांच्याबद्दल जे छापून येतंय त्यातला माणूस मी पाहिलेला नाही, म्हणून भीत भीत लिहिते आहे.

पहिल्या वर्षाला असताना ते आमच्या कॉलेजात माहितीपट कसा करतात ते शिकवायला आले होते. मी व्हरांड्यात आईशी फोनवर बोलत होते, ते ऐकून थांबले आणि म्हणाले, "मराठी का? एडिटिंग शिकायचंय? रविवारी ये घरी, आर. के. पुरमला. आणि सर म्हणू नकोस. काका म्हणालीस तर दारातूनच परत पाठवीन." घर म्हणजे वृंदावहिनींना मिळालेलं सरकारी क्वार्टर. वहिनी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला. मागची खोली दादांच्या आईची. त्या वारल्यानंतर दादा तिथे काम करायचे, पण आईंची खाट, भिंतीवरचं घड्याळ, काही हलवलेलं नव्हतं.

त्या पहिल्या रविवारी त्यांनी पंखा बंद केला, मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज बंद केला आणि स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवली. मी बघतच राहिले. "रेकॉर्डिंगमध्ये फ्रिजची घरघर येते," ते म्हणाले, "म्हणून बंद करायचा. आणि मग चालू करायला माणूस विसरतो. चावी आत असली की निघताना फ्रिज उघडावाच लागतो." आतून वहिनींचा आवाज आला, "लग्नानंतर पहिल्या वर्षी तीनदा दूध नासवलंय यांनी. तेव्हा सुचली ही अक्कल." मग दादांनी रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघं काही न बोलता बसलो. शूटिंग झालं की त्या जागेची शांतता वेगळी टिपून ठेवायची, ही त्यांची पद्धत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, म्हणायचे. मला त्यात काहीच ऐकू आलं नव्हतं. हळूहळू यायला लागलं... घड्याळ, वरच्या मजल्यावरची बादली, दादांचा श्वास.

तेव्हा ते इंटरनेटवरच्या स्वतःच्या चॅनेलसाठी छोट्या फिल्म करत. करोल बागेत गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराजवळ ते अख्खी दुपार नुसते बसले होते, कॅमेरा बाहेरही न काढता. पण खरी फिल्म त्यांना करायची होती ती आईंच्या खोलीवर. आजारपणात आईंचं बोलणं गेलं होतं, आणि शेवटची वर्षं त्या या खोलीच्या आवाजांवरच जगल्या, असं त्यांना वाटायचं. वहिनींची बदली होईल, क्वार्टर सोडावं लागेल, त्याआधी हे व्हायला हवं होतं. "चॅनेल जरा रुळावर आलं ना," ते म्हणायचे, "की हीच करणार बघ."

चॅनेल रुळावर आलं आणि तिथेच सगळं बिघडलं. गुडगावच्या एका कंपनीने करार केला. दर आठवड्याला व्हिडिओ हवा. कंपनीतर्फे रजत नावाचा मुलगा यायचा, वयाने माझ्याएवढाच. त्याने मला शिकवलं की दोन वाक्यांमधली जागा कापायची. श्वास कापायचा. माणूस बोलता बोलता थांबला की बघणारा पळतो. मी कापत गेले. फ्रिज बंद करायची गरज उरली नाही, कारण सगळ्याखाली संगीत असायचं. व्हिडिओतून कारागीर गेले, दादा स्वतः कॅमेऱ्यासमोर आले. केस रंगवले. वर्षभरात त्यांचं हसणं असं झालं की रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला की तेही विझायचं.

एक दिवस ते कॅमेऱ्यासमोर बसले आणि म्हणाले, मी थकलोय, मला काही सुचत नाही, काही दिवस थांबतो. मला म्हणाले, "याला कात्री लावू नकोस. आहे तसा टाक." मी तसा टाकला. त्यांचा तो सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ.

रजत मिठाईचा डबा घेऊन आला. "सर, थकान हिट हो गई," तो म्हणाला. "इस पे पूरी सीरीज़ करते हैं. यही पॉज़, यही आँखें." दादा म्हणाले, "बेटा, मैंने छुट्टी माँगी थी." रजत हसला. "बिल्कुल सर, छुट्टी पे ही तो बनानी है." तो वाईट मुलगा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो चांगली बातमी घेऊन आलाय. करारात सुट्टी नव्हती.

मग थकलेला माणूस दर आठवड्याला वेळेवर थकू लागला. "सर, वो साँस एक बार और," रजत म्हणायचा, आणि दादा पुन्हा सुस्कारा टाकायचे. कमेंटमध्ये लोक लिहायचे, भैया आपने रुला दिया, अगला पार्ट कब? वहिनींनी एकदा ताट वाढता वाढता विचारलं, "आत्ता जो सुस्कारा टाकलास तो माझ्यासाठी होता की त्यांच्यासाठी?" दादांनी मान वर केली नाही. "मलाही कळत नाही गं आता," ते म्हणाले.

एका सकाळी छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं, पण उशीर झाला होता. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. मी त्यांच्याशी कशाला वाद घालू...

दिवस झाल्यावर मी वहिनींकडे गेले. त्या स्कूटरची चावी शोधत होत्या, स्कूटर गेटसमोरून हलवायची होती. मी विचारलं, "फ्रिजमध्ये बघितलंत?"

"आता कुठला ठेवत होता तो फ्रिजमध्ये. किती दिवस झाले ते सगळं बंद होऊन."

शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या डब्यांनी फ्रिज भरला होता. मी दारातले डबे बाजूला केले. चावी दारातल्या अंड्यांच्या खाचेत होती. वहिनी खाली स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "हॉस्पिटलमधून आलो तेव्हा फ्रिज बंद होता. दूध नासलं होतं. मला वाटलं, गडबडीत कुणाचा तरी हात लागला."

रेकॉर्डर आईंच्या खाटेवर, उशीच्या मागे होता. त्यात एकच रेकॉर्डिंग होतं, दादा गेले त्या सकाळचं. घड्याळ, वरची बादली, आणि जवळच कुणाचा तरी शांत श्वास, कुणी सांगितलं नसताना घेतलेला. फिल्म त्यांनी सुरू केली होती. सुट्टी मिळण्याची वाट बघणं सोडून दिलं होतं, एवढंच त्यावरून कळलं.

पुढच्या आठवड्यात रजतचा फोन आला. श्रद्धांजलीचा एपिसोड करायचा होता. "दीदी, कुछ भी चलेगा. अनकट, ख़ामोशी, कुछ भी." वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला. "ख़ामोशी नहीं है हमारे पास," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

एपिसोड आलाच. जुन्याच सुस्काऱ्यांचा, संगीत लावून. मी तो पाहिला नाही. वहिनी आता ऑफिसला स्कूटरने जातात. चावी अजून त्या खाचेतच ठेवतात. परवा निघताना त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "बघ, रोज अशीच गार लागते."