साळवेला भेटलेली माणसं

बातमी आली तेव्हा मी वैजापूरला भाचीच्या साखरपुड्यात होतो. दुसरी पंगत नुकतीच बसली होती. फोनवर साळवेच्या पत्नी, कुसुमवहिनी होत्या. "भाऊजी, तुमचे मित्र आज सकाळी उठलेच नाहीत..." मग आवाज सावरून म्हणाल्या, "जेवला नसाल तर दोन घास खाऊन निघा." मी ताटावर बसलो, आणि तसाच उठून स्टँडवर आलो. परतीच्या एसटीत शेजारच्या माणसानं "कुठवर जायचं?" असं विचारलं आणि त्या तशा अवस्थेतही मला हसू फुटलं. दिगंबर साळवे माझ्या जागी असता, तर लासूर यायच्या आत त्या माणसाचं गाव, सोयरीक, पाठदुखी आणि भावकीतलं भांडण, सगळं त्याला ठाऊक झालं असतं.

आम्ही दोघं वाळूजच्या एका कारखान्यात वीस-बावीस वर्षं बरोबर होतो. मी मशीनवर, तो प्लॅनिंगला. कोणत्या पाळीत किती माल निघेल याचा अंदाज बांधणं हे त्याचं काम, आणि घरी जातानाही त्याचं डोकं काही थांबायचं नाही. एकदा कंपनीच्या बसमध्ये त्यानं मला झोपेतून हलवून विचारलं, "जाधव, माणसाला जन्मात किती माणसं भेटत असतील रे?" मी म्हणालो, असतील लाखभर. "लाख?" तो म्हणाला. "तू तर बसमधी बसला की घोरतो. तुला पाच हजार भेटली तरी लई झाली." झालं, सगळी बस जागी झाली. कुणी गाव धरलं, कुणी शाळा, कुणी बाजार. साळवे म्हणाला, आधी भेटणं म्हणजे काय ते ठरवा. लग्नात शेजारी बसून जेवलेला माणूस भेटला म्हणायचं का? रोज गेटवर सलाम करणारा वॉचमन? हा वाद कितीतरी आठवडे चालला. दुसऱ्या पाळीची माणसं आमच्या बसला 'मोजणीची गाडी' म्हणू लागली. शेवटी साळवेनं नियम सांगितला. दोघांनी एकमेकाला काहीतरी विचारलं पाहिजे, तर ती भेट. एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं नुसतं उत्तर द्यायचं, ती भेट नाही.

हा नियम त्यानं कुठून आणला, हे मला बरंच उशिरा कळलं. त्याचं गाव करमाडच्या पलीकडं. एकदा माझ्या मोटारसायकलवर आम्ही तिकडं गेलो होतो. वेशीपाशी त्यानं गाडी थांबवायला लावली. म्हणाला, "माझ्या बापाला ह्या गावातला पोरगा न् पोरगा वळखायचा. लाकडं फोडायला बोलवायचा, सांगावा घेऊन पाठवायचा. पण 'बस, पाणी पितो का' असं इचारणारी घरं किती? दोन. तीन म्हण." हे सांगताना त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. उत्पादनाचा आकडा सांगावा तसा त्यानं तो सांगितला. मग त्यातल्याच एका घरी मला घेऊन गेला. तिथल्या म्हातारीनं त्याला दारातून ओळखलं, माझी उलटतपासणी घेतली आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. येताना साळवे खुशीत होता. "तुझा एक वाढला," म्हणाला. "तिनं तुला बायकोचं नाव इचारलं, तू तिला गुडघ्याचं इचारलं. बसलं नियमात."

त्याचा स्वतःचा आकडा पंचवीस-तीस हजारांच्या घरात जाईल, असा त्याचा अंदाज होता. मला तो कमीच वाटायचा. रक्त तपासायच्या रांगेत, वीजबिलाच्या खिडकीपाशी, गॅरेजमध्ये, कुठंही हा माणूस दोन मिनिटांत कुणाच्या तरी घरातला होऊन जायचा. माझ्या मुलीचं सासर त्यानंच शोधलं, तेही रेल्वे स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघताना. वहिनी म्हणायच्या, "ह्यांच्यासंगं भाजी आणायला जाऊ नये. भाजी शिळी होऊन घरी येती." त्या स्वतः अबोल. "घरात एक बोलणारा पुरे आहे," असं हसून म्हणायच्या.

आणि अशा माणसाचा घसा धरला. रिटायर झाल्यावर वर्षभरातच दुखणं निघालं, मोठं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तो कायमचा. गळ्यापाशी श्वासासाठी भोक, त्यावर पातळ रुमाल. दुखणं त्यानं धीरानं घेतलं. पण घरी आल्यावर त्यानं सगळ्यांकडं पाठ फिरवली. मी जायचो, तर भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. एकदा मोबाइलवर टाइप करून त्यानं मला दाखवलं, 'मोजणी बंद. आता मला इचारता येत नाही.' मी म्हणालो, अरे, नियम तुझा, तू बदल. त्यानं मान हलवली. नियमाच्या बाबतीत तो पक्का होता. सात-आठ महिने तो उंबऱ्याबाहेर पडला नाही. दवाखान्यात जाताना रिक्षाचे पडदे पाडून घ्यायचा. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या. "एवढा अबोला मला सोसत नाही, भाऊजी," म्हणायच्या.

शेवटी त्यांनीच एका सकाळी माझ्या हातात पिशवी दिली आणि मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझा पाय मुरगळलाय. दोघं जाऊन भाजी आणा." पाय मुरगळला नव्हता, हे त्यालाही दिसत होतं. तरी उठला. आठवडी बाजारात तो माझ्यामागं मान खाली घालून चालत होता. मेथी विकणाऱ्या एका बाईपुढं त्यानं बोटानं जुडी दाखवली. बाई म्हणाली, "कितीक देऊ?" त्यानं दोन बोटं वर केली. "तोंड नाय का? का मौन धरलंय?" मी पुढं होऊन सांगू लागलो, तेवढ्यात त्यानं मला हातानं मागं सारलं आणि रुमाल बाजूला करून गळा दाखवला. बाईनं वाकून बघितलं. मी मनात म्हटलं, आता ही चुकचुकणार आणि हा पुन्हा वर्षभर घरात बसणार. पण ती जुडीवर पाणी शिंपडत म्हणाली, "बरं झालं की. आमच्या म्हाताऱ्याचंबी असंच बंद करून मिळतंय का, तेवढं डाक्टरला इचार."

साळवे हसला. आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी आलं, खोकला उसळला, मला त्याला धरावं लागलं. खोकला थांबल्यावर त्यानं त्या बाईच्या हाताकडं बोट केलं. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. त्यानं भुवया उंचावल्या. एवढंच. बाई लगेच सुरू झाली... विळा कसा लागला, सुनेनं हळद कशी भरली, सून तशी गुणाची पण माहेरची ओढ फार... आम्ही तिथं अर्धा तास उभे होतो. गिऱ्हाईकं येत होती, जात होती. वाटेत त्यानं मोबाइल काढला आणि टाइप करून माझ्यापुढं धरला. 'इचारता आलं.'

पुढची चार वर्षं साळवे भुवयांनी बोलला. दुखतंय का, पोरगी कितवीला, यंदा कापूस कसा, सगळं त्या भुवयांत यायचं. माणसंही मोकळी व्हायची. मध्ये बोलणारा, सल्ला देणारा कुणी समोर नसला की माणूस किती सांगत सुटतो, हे मी तेव्हा पाहिलं. मग तो त्यांचे नंबर घ्यायचा आणि घरी येऊन लांबलचक मेसेज पाठवायचा. एकदा मी विचारलं, आता आकडा कितीवर गेला? त्यानं हात झटकला आणि टाइप केलं, 'कोण मोजतंय?'

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घरापुढचा मंडप भरला आणि माणसं रस्त्यावर उभी राहिली. निम्म्यांना मी ओळखत नव्हतो, घरचेही ओळखत नव्हते. बुद्धवंदना झाली, दोघं-तिघं बोलले. मेथीवाली बाई मागं उभी होती. तिनं डोळे पुसले आणि शेजारणीला सांगितलं, "लई बोलका माणूस व्हता."

परवा मी वहिनींकडं गेलो होतो. साळवेच्या खोलीत त्याचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. रोज सकाळी त्यावर तीस-चाळीस मेसेज येतात. काहींना बातमी कळलेली नाही, काहींना कळूनही सवय सुटत नाही. मुलगा म्हणत होता, नंबर बंद करून टाकू. वहिनींनी करू दिला नाही. मी बसलो होतो तेवढ्यात फोन वाजला. परभणीकडची कुणी बाई होती, बोलून मेसेज पाठवला होता. साळवेकाका, माझ्या मुलीला पहिली मुलगी झाली, असा. वहिनींनी तो दोनदा ऐकला. त्यांना टाइप करता येत नाही. पदर सारखा करून, समोर कुणी बसलंय अशा रीतीनं त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "मी त्यांची मंडळी बोलतेय. ते गेले हो, बाई... पण तुम्ही सांगा. बाळंतीण कशी आहे? नाव काय ठेवलं?" बटण सोडलं आणि फोन मांडीवर घेऊन त्या उत्तराची वाट बघत बसल्या. चहा गार झाला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. फोन पुन्हा वाजला. पलीकडून बाई विचारत होती, "काकू, तुमचं नाव काय?"