शिवानं शिकवलेलं उभं राहणं

फोनवर शिवाचं नाव दिसलं आणि उचलताच मी म्हणालो, "बोला गुरुजी, वारं सुटलं का?" पलीकडे त्याची बायको होती. शिवा पहाटे झोपेतच गेला होता… त्यानंतर फोन उचलताना मी आधी नुसता ऐकतो.

शिवा माझा धाकटा मेहुणा. गोव्याला पर्यटकांना विंडसर्फिंग शिकवायचा. उजनी धरणाकाठच्या घरच्या केळीच्या बागेत परतला, तो एक जुना बोर्ड आणि शीड घेऊनच. गावाला वाटलं, पोरगं इस्त्रीचं टेबल घेऊन आलंय.

माझं सोलापुरात चादरींचं दुकान. आयुष्य गादीवर मांडी घालून गेलेलं; उभं राहणं हा माझा विषयच नव्हे. त्यानं मला आधी अंगणातच बोर्डवर उभं केलं. पुढचा पाय शिडाच्या काठीपाशी, मागचा बोर्डच्या मध्यावर, गुडघे सैल, नजर समोर. मी आपला आरतीला उभा राहिल्यासारखा, टाचा जुळवून! पण जावयावर ओरडायचं कसं? म्हणून पाण्यात उतरल्यावर शिवा सगळा राग काठावर बसलेल्या बहिणीवर काढायचा.

"आक्का, दाजींना सांग, पायाकडं बघू नका म्हणावं! पाय कुटं पळून जात न्हाईत! आन् हातानं वढू नका, बूड मागं टाका, अंगाचं वजन वाऱ्याला द्या की!"

ही ओरडायची, "ऐकलंत का?" ऐकायला मी मान वळवायचो आणि धप्पकन पाण्यात. वर शिवाच म्हणायचा, "लई भारी, दाजी." पडण्यातसुद्धा जावयाचा मान!

तो गेल्यापासून ही माहेरी जायची, पण पाण्याकडे पाठ करून बसायची. रडलीही नव्हती. मला त्याचीच भीती वाटत होती. परवा मीच बोर्ड बाहेर काढला. "मी नाही येणार," म्हणाली; आली.

काठावरून कुणी ओरडलं नाही. पाण्यावर इतकी शांतता मला नको होती… गुडघे सैल सोडले, समोरच्या बाभळीवर नजर लावली, मागे रेललो. शीड भरलं आणि बोर्ड चक्क चालू लागला. वळताना काठीभोवती बारीक पावलं टाकायची, तिथं मी नेहमीसारखी ढांग टाकली. धप्प!

बोर्ड ओढत, निथळत काठावर आलो. आता हसणार, असं वाटलं. ही उभी होती, पाण्याकडे तोंड करून. गाल ओले.

"शिडाआड तुम्ही दिसतच नव्हता हो," म्हणाली. "नुसतं शीड चाललेलं, शिवाचं… अंग पुसू नका. अजून एकदा जाऊन या."