वस्तादांचा बिनवजनाचा खुराक

आमचे वस्ताद शेवटपर्यंत एका गोष्टीवर ठाम होते. दुधाला वजन नसतं. फळांनाही नसतं. वजन असतं ते अन्नाला, आणि अन्न म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, भात, पोळी. दूध, दही, केळी, संत्री, पेरू हा सगळा फराळ, आणि फराळानं माणूस जाड झालेला त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. “उपासाच्या दिवशी आपन काय म्हणतो? आज काई खाल्लं नाई म्हणतो ना? मंग जे खाल्लंच नाई, त्याचं वजन कसं भरन बे?” असा त्यांचा सवाल असे. मी पुढे दोन-चार शिकलेल्या माणसांना हा सवाल घातला. त्यांनी विषयच बदलला.

आमच्या गावी, रोहण्याला, मारुतीच्या देवळामागे त्यांचा आखाडा होता. पाच एकर शेती, एक गवळाऊ गाय, एक बायको, एक मुलगा गजा आणि आम्ही दहा-बारा पोरं, एवढा त्यांचा संसार. यातला गायीचा मान पहिला. सकाळची धार झाली की कासंडी घेऊन ते थेट आखाड्यात येत आणि मेहनत करून उठलेल्या एकेकाला पेला भरून देत. नुसतं प्यायल्यानं भागत नसे. पेला उपडा करून दाखवावा लागे. थेंब पडला तर, “अबे, गाय काय तुह्या बापाची हाय का सांडाले?” म्हणून पुन्हा भरत. आता थेंब सांडण्याची शिक्षा म्हणून आणखी एक पेला, हा न्याय त्यांनाच सुचावा!

या शास्त्राचा उगम त्यांच्या आईत होता. म्हातारी जन्मभर उपास करायची. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, आणि चातुर्मासात तर विचारूच नका. “अन् होती कशी? काडीवानी! दूध-केयं खाऊन राह्यली जन्मभर, पन तोळाभर अंगाले लागलं नाई.” माझ्या आईनं हे ऐकलं तेव्हा ती तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, “त्या माउलीच्या पदरात सात लेकरं होती. तिच्या वाटचं दूध-केयं कोनं खाल्लं, ते इचार म्हणा वस्तादाले.” अर्थात हे वस्तादांना विचारायची हिंमत ना आईला झाली, ना मला.

एकोणीसशे शहात्तर-सत्त्याहत्तरची गोष्ट असेल. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. वर्ध्याला जिल्ह्याची निवड-कुस्ती ठरली. त्यातून जो निवडला जाईल तो राज्याच्या स्पर्धेला जाणार, आणि राज्याला गेल्याचं प्रमाणपत्र म्हणजे नोकरीचा अर्धा हुकूम, असा तो काळ. वस्तादांनी फार विचार करून वाटणी केली. गजा सत्तावन्न किलोत खेळणार, मी बावन्नात. एकाच आखाड्यातले दोघं एकमेकांच्या आड यायचे नाहीत आणि दोघंही राज्याला जातील. वीस वर्षांत रोहण्याचा एकही पोरगा तिथवर गेला नव्हता, आता एकदम दोन. वस्ताद नुसते हवेत होते.

अडचण एकच होती. मी चोपन्न भरत होतो. कापूस तोलायच्या काट्याला झोळी बांधून तिच्यात मला बसवलं होतं, म्हणून हा आकडा कळला. दोन किलो उतरवायला एकवीस दिवस होते. कॉलेजात खेळाचे एक सर होते, त्यांनी सांगितलं, “दूध-फळं वाईट नाहीत रे, पण मोजून घे. सकाळी पावशेर दूध, दिवसात एखादं संत्रं. आणि भाकरी निम्मी कर, बंद करू नको.” मी हे वस्तादांच्या कानावर घातलं. ते हसले. “मोजून दूध चहात टाकतेत. पयलवानाले नाई.” आणि माझी भाकर त्याच दिवशी बंद झाली.

एकवीस दिवस मी अन्नाला शिवलो नाही. सकाळी दीड शेर दूध, दुपारी डझनभर केळी, संध्याकाळी पुन्हा दूध आणि वर ओळखीच्या बागेतली संत्री. भूक लागली म्हटलं की दही. फार लागली म्हटलं की वस्तादांची बायको, जिला आम्ही काकू म्हणायचो, ती वाटीभर खवा हातावर ठेवायची, कारण खवा म्हणजे काय तर दूधच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात, मी तर एकवीस एकादशा लागोपाठ केल्या. आठव्या दिवशी लंगोट आवळायला लागला. मी म्हटलं, वस्ताद, एकदा काट्यावर बसून पाहू. तर म्हणाले, “रोज रोज तोलाले तू काय कापूस हायेस?” पंधराव्या दिवशी मी पुन्हा भीत भीत म्हणालो की अंग जड वाटतं. त्यांनी माझा दंड चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, “अंग भरून राह्यलं, वजन नाई.” आणि मी भैताडासारखा मान हलवली! वस्तादांचा शब्द होता ना.

वर्ध्याला वजनाच्या टेबलावर बसलेल्या माणसानं काटा पाहिला, मला पाहिलं, पुन्हा काटा पाहिला. “छप्पन्न.” वस्ताद म्हणाले, तुमचा काटा बिघडला. त्या माणसानं शांतपणे त्यांनाच काट्यावर उभं केलं. त्यांचं बरोबर भरलं. मग तो म्हणाला, “बावन्नात बसत नाही. सत्तावन्नात लिहू का, की परत जाता?”

मी वस्तादांकडे पाहिलं. शेजारी गजा लंगोट कसून उभा होता. एका वजनात एकच जाणार. मी परत जातो असं म्हणणारही होतो, पण त्याआधी वस्तादच म्हणाले, “लिवा सत्तावन्नात.”

व्हायचं तेच झालं. त्या वजनात पाचच जण होते. शेवटच्या कुस्तीला गजा आणि मी समोरासमोर. कुस्तीच्या हौद्याच्या कडेला दोन बाजूंना दोन वस्ताद बसतात, ही रीत. आमच्या आखाड्याचे तर वस्तादच एक. मला वाटलं, ते कुणाच्याच बाजूला बसायचे नाहीत. बसले तर गजाच्या बसतील, आणि त्यात कुणी वावगं म्हटलं नसतं. ते उठले, धोतर खोचलं आणि माझ्या बाजूला येऊन बसले. गजा बघतच राहिला. त्याला म्हणाले, “तुले घरी रोज सांगतो. हा बिचारा बावन्नच्या तयारीनं आला, याले कोन सांगन?”

कुस्ती बराच वेळ अडून राहिली. गजा माझ्यापेक्षा चांगला पैलवान होता, हे मी आज नाही, तेव्हाही मानत होतो. पण त्याचा डावा गुडघा दुखरा होता आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि वस्तादांना. शेवटच्या मिनिटाला मागून वस्तादांचा आवाज आला, “डाव्या पायाले पट काढ!” गजानं तो आवाज ऐकला आणि क्षणभर बापाकडे पाहिलं. तेवढ्यात मी त्याचा डावा पाय उचलून पट काढला होता.

मी जिंकलो. पण आनंद म्हणाल तर गव्हाएवढाही झाला नाही. गजानं माझ्याशी हात मिळवला, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पुलगावहून आर्वीच्या छोट्या गाडीनं आम्ही परत निघालो. ती गाडी एवढी निवांत चालायची की माणूस उतरून लघवी करून पुन्हा चढे. गजा दारात जाऊन उभा राहिला. वस्ताद माझ्या शेजारी. विरूळ स्टेशन मागे पडलं. मग अगदी हळू, ज्या आवाजात ते कधीच बोलत नसत त्या आवाजात त्यांनी विचारलं, “खरं सांगजो. माह्या दुधानंच झालं का?”

मी त्यांच्याकडे पाहिलं.  या माणसानं स्वतःच्या हातानं पोराचं राज्याला जाणं घालवलं की काय, एवढंच त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, “नाई वस्ताद. मी चोरून भाकरी खात होतो.”

काडकन थोबाडीत बसली. समोरच्या बाकावरच्या बाईचं पोर दचकून रडायला लागलं. आणि वस्तादांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! “मले वाटलंच होतं! म्हटलं, दुधानं कसं वाढन?” मग दाराकडे तोंड करून ओरडले, “ऐकलं का बे गजा? हा भोकाड्या, हा खादाड, भाकरी चोरून खात होता!” गजानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही.

गावात माझं नाव झालं ते राज्याला जाणारा म्हणून नाही, भाकरचोर म्हणून. सगळ्यात कहर घरी झाला. आई कंबर कसून उभी. “मी कवा देल्ली रे तुले भाकर? एकवीस दिवस टोपल्याले हात नाई लावू देल्ला! आता जातो अन् वस्तादाले इचारतो!” मी तिचे पाय धरले. सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, “खाल्ली असन बाप्पा तू. मले काय माहीत?”

राज्याला मी पहिल्याच फेरीत आपटलो. पण प्रमाणपत्र मिळालं, नोकरी लागली. गजा शेती करत राहिला. आणि वस्ताद पुढची आठ-दहा वर्षं प्रत्येक नव्या पोराला दुधाचा पेला देताना माझी गोष्ट सांगत. दुधाला वजन नसतं, पण चोरून भाकरी खाल्ली तर काय होतं, ते या भोकाड्याला विचारा. सुटीत गावी गेलो की मी समोर बसून ती ऐकायचो आणि मान हलवायचो.

ते गेले तेव्हा मी बदलीच्या गावी होतो. पोचलो तो तेरवीला. पंगती उठल्या, मांडवात आम्ही दोघंच उरलो. गजा माझ्यापुढे उकिडवा बसला. तेरा दिवसांत तो रडला नाही, असं काकू म्हणत होत्या.

“एक इचारू?” तो म्हणाला. “आता बुढा नाई राह्यला. खरं सांग. खाल्ली होती का तू भाकर?”

“रोज दोन,” मी म्हणालो. “वर मिरचीचा ठेचा.”

त्यानं दणकन माझ्या पाठीत गुद्दा घातला, “भोकाड्या साल्या!” म्हणाला, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडायला लागला.