लासुर्ण्याची गच्ची आणि आमच्या दुर्बिणी

आभाळ बघायला चार माणसं जमली की आभाळ थोडंच बघून होतं, गप्पाच जास्त होतात. आमचं तर तसंच झालं. लासुर्ण्याला तात्यांच्या गच्चीवर आम्ही शनिवारी संध्याकाळी जमायचो. तात्या ऊसवाले, सुभाषराव बारामती एमआयडीसीतले इंजिनिअर आणि मी तिथल्याच एका डेअरीच्या लॅबमध्ये. चहा घेऊन वर येणाऱ्या शालनकाकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, चौथ्या. आता हे किस्से आठवले की हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

*

सुभाषरावांनी पहिल्याच फटक्यात मोठा टेलिस्कोप घेतला. खोक्यावर रंगीत तेजोमेघाचं चित्र होतं, त्याला भुलले. आधी साधी दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या, आभाळ ओळखीचं होऊ द्या, असं मी म्हटलं होतं. पण ते म्हणाले, "घ्यायचं तर एकदाच."

पहिल्या संध्याकाळी घरी स्टँड डुगडुगत होता. चंद्र सापडायचा आणि हात लागला की पळायचा. चांदणी तर एकही नळीत येईना. त्यांच्या मिसेसनी विचारलं, "काय दिसतंय?"

"अंधार," सुभाषराव म्हणाले. "पण मोठा दिसतोय."

महिनाभरात खोकं माळ्यावर गेलं.

*

तात्यांनी मात्र दुर्बीणच घेतली. पण ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवर विचारतात तसं त्यांनी दुकानात विचारलं, "सगळ्यात जास्त किती पट हाय?" आणि तीच आणली. ती एवढी जड की धरली की हात थरथरायचे.

"सुभाषराव, ह्या चांदण्या नाचत्यात का हो?"

"चांदण्या नाही तात्या, तुमचे हात."

मग तात्या ती पाण्याच्या टाकीवर टेकवून बघायला लागले. तिथून फक्त पूर्वेचं आभाळ दिसायचं. अख्खा हिवाळा त्यांनी पूर्वच बघितली. शेवटी कमी पटीची, हलकी दुर्बीण आणली आणि पहिल्यांदा सगळं आभाळ फिरून आले. "उगं एक हंगाम घालवला," एवढंच बोलले.

*

एकदा संध्याकाळी पश्चिमेला धूमकेतू दिसणार होता. सुभाषरावांनी हौसेनं टेलिस्कोप माळ्यावरून काढला, गाडीत घालून लासुर्ण्याला आणला आणि गच्चीवर जोडायला घेतला. तेवढ्यात तात्यांना दुर्बिणीत तो दिसलासुद्धा.

"सुभाषराव, शेपूट हाय बरं का त्येला. या, बघून घ्या."

"आलोच. एवढा एक स्क्रू."

मी बघितला. तात्यांनी पुन्हा हाक मारली. सुभाषरावांचा स्क्रू बसला तेव्हा धूमकेतू उसामागं उतरला होता. पुढचे सगळे दिवस ढग. त्या रात्री परतताना गाडीत सुभाषराव एकदाच बोलले होते, "मी त्याच्यासाठीच तर सगळी तयारी करत होतो."

*

चौकात उंच खांबावर मोठे दिवे लागले आणि गच्चीवरून अर्धं आभाळ गेलं. मी चिडून म्हटलं, "कुणी लावले हो हे? तक्रार करू या."

काकू तात्यांकडं बोट करून म्हणाल्या, "ह्येच मागं लागलं हुतं पंचायतीच्या. बायका अंधारात दूध घालाय जात्यात म्हणून."

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय," तात्या म्हणाले. "बायका उजेडातनं जात्यात. आपुन रानात जाऊ."

रानात आम्ही दोनदाच गेलो. तात्यांचे गुडघे दुखायला लागले होते.

*

गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. थंडीत मी आणि सुभाषराव काकूंना भेटायला गेलो. दिवेलागण होऊन गेली होती. निघताना काकूंनी दुर्बीण आणून सुभाषरावांपुढं धरली.

"तुमीच घेऊन जावा. मला ह्यातनं कदीच काय दिसलं न्हाय."

ते खरं होतं. तात्या कौतुकानं दुर्बीण त्यांच्या गळ्यात घालायचे. त्या बघायच्या आणि म्हणायच्या, "धुरकाट दिसतंय." तात्या म्हणायचे, "तुला बघता येत न्हाय." मग त्या कप गोळा करून खाली जायच्या.

सुभाषरावांनी विचारलं, "काकू, तुमच्या उजव्या डोळ्याचा नंबर वेगळा आहे का?"

"व्हय. ल्हानपणापासनं."

दुर्बिणीच्या उजव्या नळीला एक वेगळं कडं असतं. दोन डोळ्यांत फरक असेल तर ते फिरवून ज्याचं त्यानं जुळवून घ्यायचं. तात्यांनी ते स्वतःच्या डोळ्याला जुळवून ठेवलं होतं. इतक्या शनिवारांत कुणालाच सुचलं नव्हतं.

आम्ही मागच्या अंगणात गेलो. तिथं चौकातला उजेड येत नव्हता. सुभाषरावांनी काकूंना एकेक डोळा मिटायला लावून कडं हळूहळू फिरवलं आणि डोक्यावरच्या कृत्तिका दाखवल्या.

काकूंनी दुर्बीण दोन्ही हातांनी डोळ्यांना आणखी घट्ट लावली.

"त्यास्नी असं दिसायचं व्हय?" मग त्यांनी विचारलं.

"हो काकू."

"रोज?"

"आभाळ निरभ्र असलं की रोज."

मान अवघडेपर्यंत त्या बघत राहिल्या. मग दुर्बीण गळ्यातून काढली, पदरानं काचा पुसल्या आणि सुभाषरावांच्या हातात दिली.

"आता हुतं तसं करून द्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्या डोळ्याला."

सुभाषराव कडं धरून उभे राहिले. ते आधी कुठं होतं, हे आम्हा दोघांपैकी कुणीच बघून ठेवलं नव्हतं.